कर्जाची वही उघडू या



आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे.

मागे एका रविवारी मी प्रवचनात लग्नाच्या खर्चावर बोललो होतो. बस्ता, मांडव, बँड, शेकडो माणसांचे जेवण आणि त्यासाठी काढलेले कर्ज. ऋण काढून सण करू नका, असे मी चांगले ठासून सांगितले. मिस्सा संपल्यावर दोघा-तिघांनी, ‘फादर, आज छान बोललात,’ असे म्हटलेही. मला बरे वाटले. पण त्या रविवारपासून आपल्यातले एक कुटुंब चर्चमध्ये यायचे बंद झाले, हे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही.

मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईना म्हणून सिस्टरांनी चौकशी केली आणि एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. घरधनी दारात उभा राहिला. ‘आत या’ म्हणायला त्याला जरा वेळच लागला. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्या माउलीने पिठाच्या डब्यामागून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत हप्त्यांच्या पावत्या, बँकेच्या नोटिसा, गटाची कार्डे आणि कुणीतरी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब. ती म्हणाली, ‘फादर, यांना रागावू नका. आम्ही लग्न-बिग्न काही केलेलं नाही. सासऱ्यांच्या आजारपणात हे झालं.’

मी खर्चावर बोललो होतो आणि त्यांचे कर्ज होते दवाखान्याचे. माझे प्रवचन ऐकून त्यांना वाटले की फादर आपल्यालाच बोलले. आधीच नातेवाइकांना टाळत होते, आता देवाच्या घरालाही टाळू लागले. त्यांच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी आणि आकडे बदलले आहेत.

एका विधवेची गोष्ट

पवित्र शास्त्रात राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात एक गोष्ट आहे. एका संदेष्ट्याची विधवा अलीशाकडे रडत येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून मेला. आता सावकार तिची दोन मुले दास म्हणून न्यायला आला आहे. अलीशा तिला कर्ज का काढले असे विचारत नाही. नवऱ्याने उधळपट्टी केली का, तेही विचारत नाही. मी तुझ्यासाठी काय करू, असे विचारतो आणि लगेच घरात काय शिल्लक आहे ते विचारतो. तिच्याकडे तेलाचे एक लहानसे भांडे असते. तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. मग मुलांसह घरात जाऊन दार लावून घ्यायला आणि तेल ओतायला सांगतो. तेल वाढत जाते. शेवटी तो सांगतो, तेल वीक, देणे फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले गुजराण करा.

ही गोष्ट मी सेमिनरीत असल्यापासून वाचत आलो. चमत्काराकडे पाहत राहिलो आणि चमत्काराच्या आधीचे प्रश्न मात्र विसरलो. हल्ली ज्याला कर्ज समुपदेशन म्हणतात, त्याच्या सगळ्या पायऱ्या या सात वचनांत आहेत.

पहिली पायरी म्हणजे तोंड उघडणे. ती बाई बोलली नसती, तर मुले गेली असती.

दुसरी पायरी म्हणजे घरात काय आहे ते पाहणे. समुपदेशक पहिल्या बैठकीत उपदेश करत नाही, कागद पुढे घेतो. घरात येणारा पैसा किती? किराणा, भाडे, लाइट बिल, शाळा, औषधे यांना किती लागतात? मग प्रत्येक कर्जाची एक ओळ: कोणाचे, मुद्दल किती राहिले, व्याजाचा दर काय, हप्ता किती, काय गहाण आहे, जामीन कोण आहे.

आपल्या त्या कुटुंबाची वही अशी निघाली. नवऱ्याचे १८,००० आणि बायकोचे ६,००० मिळून महिन्याला २४,००० रुपये. घरखर्च १४,०००. म्हणजे हप्त्यांसाठी उरतात १०,०००. आणि हप्ते? बँकेचे ६,०००, दोन गटांचे मिळून ४,५००, मोटरसायकलचे २,५००, सावकाराचे व्याज २,५०० आणि मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाचे १,५००. एकूण १७,०००. दर महिन्याला ७,००० कमी पडत होते आणि ते नव्या कर्जाने भरले जात होते. पहिला गट बँकेच्या हप्त्यासाठी, दुसरा गट पहिल्या गटासाठी, मोबाइलचे कर्ज दुसऱ्या गटासाठी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण हे सगळे एका कागदावर त्यांनी कधीच पाहिले नव्हते. नवऱ्याला मोबाइलचे कर्ज माहीत नव्हते आणि बायकोला सावकाराचे.

शेकडा पाचचा हिशेब

सावकाराचे ५०,००० होते, शेकडा पाच रुपये महिन्याने. ऐकायला पाच रुपये किती लहान वाटतात! पण महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ. त्यांनी वीस महिने २,५०० रुपये भरले. म्हणजे ५०,००० देऊन झाले आणि मुद्दल होते तेथेच.

आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. लायसन्स नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षी सरकारने ठरवून दिलेले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण कर्जावर १२ टक्के. इतरांना तारणावर १५ आणि बिनतारणावर १८ टक्के. म्हणजे त्या ५०,००० वर बिनतारण दराने महिन्याला ७५० रुपये व्याज होते. ते २,५०० देत होते. शिवाय एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या जुन्या लोकांना हा नियम ‘दामदुपट’ या नावाने माहीत होता. सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करता येते.

मग पुढे काय झाले?

आपल्या धर्मग्रामातले एक निवृत्त बँक कर्मचारी आणि मी, त्या दोघा नवरा-बायकोंबरोबर वित्तीय साक्षरता केंद्रात गेलो. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये अशा समुपदेशन केंद्रांची योजना आखली आणि २०१२ मध्ये प्रत्येक अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कार्यालयात वित्तीय साक्षरता केंद्र उघडावे असे बँकांना सांगितले. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे. सल्ल्याला पैसे लागत नाहीत. त्याआधी बँक ऑफ इंडियाने मुंबईत असेच एक केंद्र काढले होते. त्याचे नाव ठेवले होते ‘अभय’. नाव ठेवणाऱ्याला कर्जदाराचे दुखणे कळले होते असे मला वाटते. कर्जदाराला पैशाच्या आधी अभय हवे असते.

तेथे आम्हाला प्रथम हे सांगण्यात आले की समुपदेशक कर्ज फेडत नाही, नवे कर्ज देत नाही आणि जुने पुसूनही टाकत नाही. तो हिशेब मांडतो, कोणते कर्ज आधी फेडायचे ते ठरवायला मदत करतो आणि कर्ज देणाऱ्याशी कसे बोलायचे ते सांगतो. शेवटचा निर्णय कर्जदाराचा आणि बँकेचा.

घरखर्चाच्या १४,००० ला हात लावायचा नाही, हे आधी ठरले. मुलीची फी त्यातच होती. मग बँकेला अर्ज केला. मुदत वाढवून मिळाली आणि हप्ता ६,००० चा ४,००० झाला. व्याज एकूण जास्त जाईल, हेही बँकेने स्पष्ट सांगितले. मोटरसायकल विकून तिचे कर्ज मिटवले. तो भाऊ आता सोबत्याच्या गाडीवर मागे बसून कामाला जातो. मोबाइलच्या कर्जाचे ९,००० राहिले होते, ते बायकोच्या भावाने बिनव्याजी दिले. शेजाऱ्यांची भांडी म्हणतात ती ही! सावकाराकडे आपले दोन वडीलधारे लोक हिशेबाचा कागद घेऊन गेले. तक्रारीचा अर्ज लिहून तयार होता, पण तो द्यावा लागला नाही. व्याज बंद झाले आणि मुद्दल महिन्याला १,५०० प्रमाणे फेडायचे ठरले. गटांचे ४,५०० तसेच राहिले.

आता बेरीज करा. ४,०००, ४,५०० आणि १,५००. बरोबर १०,०००.

तेलाचे भांडे काही वाढले नाही. कर्ज फिटायला जवळपास तीन वर्षे लागतील आणि मध्येच कोणी आजारी पडले तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल. पण नवे कर्ज थांबले. अलीशाने देणे फेड असे सांगितले, तसेच उरेल त्यावर जगा असेही सांगितले. मुलांच्या तोंडचा घास काढून फेडा, असे त्याने सांगितले नाही.

काही गोष्टी लक्षात ठेवा

वसुलीची भीती वाटते, म्हणून लोक दार लावून बसतात. पण वसुलीलाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना सांगितले की थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. बिनतारण गट-कर्जासाठी वेळ आणखी कमी ठेवली, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होणार असतील तर असे नवे कर्ज देऊ नये, असाही नियम त्याच वर्षी आला. आपल्या त्या घराचे निम्मे १२,००० होते आणि हप्ते १७,०००. म्हणून गटाचा अर्ज भरताना इतर कर्जे लपवू नका. तो नियम तुमच्याच रक्षणासाठी आहे.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेलाच लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. प्रकरण कोर्टात गेले असेल किंवा जाणार असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकमाइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून नीट समजून मगच सही करा.

बँक कधी थोडी रक्कम घेऊन खाते मिटवायला तयार होते. ते वाईट नाही, पण तशी नोंद तुमच्या सिबिल अहवालात राहते आणि पुढे कर्ज मिळायला अडचण येते, हे माहीत असू द्या. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही कधीही देऊ नका. चेक परत गेला तर तो फौजदारी मामला होतो. पैसे घेऊन कर्जमुक्त करून देतो, अशी जाहिरात करणाऱ्यांपासूनही दूर राहा. आणि जामीन राहताना दहा वेळा विचार करा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नीतिसूत्रांचा ग्रंथही याबद्दल आपल्याला वारंवार सावध करतो.

जे व्याजाने देतात त्यांच्यासाठी

आता थोडे कडू बोलतो. आपल्या धर्मग्रामात कर्ज घेणारे आहेत, तसे व्याजाने देणारेही आहेत. दोघेही एकाच वेदीपुढे येतात. नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय घरी उघडून वाचा. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी लोकांनी शेते आणि घरे गहाण टाकली होती, मुली दास्यात गेल्या होत्या. आणि घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या संतापला, पण त्याने आधी मनाशी विचार केला, मग सभा बोलावली आणि भाऊबंदांना शेते व व्याज परत करायला लावले.

संत थॉमस अक्वायनस यांचा व्याजावरचा युक्तिवाद मी विद्यार्थी असताना परीक्षेसाठी पाठ केला होता. पैसा वापरला की संपतो, म्हणून पैसा परत घेऊन वर त्याच्या वापराचे वेगळे मोल घेणे म्हणजे नसलेली वस्तू विकणे, असे ते म्हणत. नंतरच्या काळात ख्रिस्तसभेने देणाऱ्याचे खरे नुकसान आणि जोखीम यांसाठी वाजवी मोबदला मान्य केला. म्हणून बँकेचे व्याज घेणे-देणे पाप नाही. पण शेजाऱ्याचे आजारपण हाच आपला बाजार करणे हे पाप होते आणि आजही आहे.

आपल्या महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, त्यांनी कर्जखते हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात कोर्टाला कर्जाचा जुना हिशेब पहिल्यापासून तपासायला सांगितले होते आणि गावपातळीवर तडजोड करून देणारे नेमायची सोय होती. म्हणजे वही उघडणे हाच उपाय तेव्हाही सुचला होता, पण वह्या जळाल्यानंतर.

आपल्या धर्मगुरूंनीही हे काम केले आहे. छोटा नागपुरात फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासींना सावकारापासून सोडवण्यासाठी १९०९ मध्ये कॅथोलिक सहकारी पतसंस्था काढली. वसईत १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने जी पतपेढी सुरू झाली, तीच आजची बसीन कॅथोलिक बँक. इटलीत नेपल्स येथे फादर मास्सिमो रास्त्रेल्ली यांनी १९९१ मध्ये व्याजाच्या विळख्यातल्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षाची घोषणा करताना श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे सोडण्याचे आवाहन केले. राष्ट्रांचे आपल्या हातात नाही. शेजाऱ्याचे व्याज सोडणे मात्र हातात आहे.

आपण काय करणार?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन निवृत्त बंधू आणि एक भगिनी बसतील. ज्यांना हिशेब मांडायचा आहे त्यांनी आपली पिशवी घेऊन यावे. शक्य तर नवरा-बायको दोघांनी मिळून यावे. दार बंद असेल. तेथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, याची हमी मी घेतो. तेथे पैसे मिळणार नाहीत. कागदावर हिशेब लिहून मिळेल आणि बँकेत किंवा केंद्रात जाताना सोबत मिळेल.

इतरांना विनंती की कोण आले, कोण गेले, याची चर्चा करू नका. कर्ज कशाने झाले हे तुम्हाला माहीत नसते. मलाही नव्हते.

आणि कोणाला जीव नकोसा झाला असेल, तर त्याने रविवारची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता दार वाजवले तरी चालेल. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावरही मोफत बोलता येते. पैशाचे ऋण कितीही मोठे असो, ते मुलांच्या बापापेक्षा किंवा आईपेक्षा मोठे नसते.

प्रभू येशूने आपल्याला जी प्रार्थना शिकवली, तिच्यात संत मत्तयने अपराधांच्या ठिकाणी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ ऋण असाच आहे. आपण सगळेच देवाचे कर्जदार आहोत आणि देवापुढे आपली वही उघडीच आहे. त्याने ती पाहून आपल्याला घराबाहेर काढलेले नाही. मग आपण एकमेकांना का लाजावे?

ते कुटुंब आता पुन्हा मिस्साला येते. मागच्या बाकावर बसते. मी त्यांना पुढे या असे म्हटलेले नाही. ते आले, हे मला पुरे आहे.

प्रभू तुमच्या घराला शांती देवो.

तुमचाच,
प्रमुख धर्मगुरू